दुसरी पिशवी

"वनिता?"

नवी सिस्टर दोन पलंगांच्या मध्ये उभी होती. हातात रक्ताची पिशवी. पिशवी गार असावी, कारण दोन्ही तळव्यांत धरून ती तिला जराशी ऊब देत होती. माझे डोळे अर्धवट मिटलेले होते. शेजारच्या पलंगावरून उत्तर गेलं, "हो जी."

सिस्टर तिच्याकडे वळली.

त्या वॉर्डात आम्ही दोघी वनिता होतो. मी वनिता शेंडे, ती वनिता शेंद्रे. दोघींना रक्त लागणार होतं. तिचं सिझर झालं होतं आणि मुलगा झाला होता. माझी मुलगी पोटातच गेली होती आणि तिच्यामागे माझ्या अंगातलं रक्तही निघून गेलं होतं. मला हाक मारली असेल असं मला वाटलंच नाही. पहाटेपासून मला कुणी नावानं बोलावलंच नव्हतं. सगळे 'ही' म्हणत होते. हिचं बाळ गेलं. हिला झोपू द्या. हिच्यासमोर बोलू नका.

धान कापणीचे दिवस होते. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात खिडक्यांना काचा कमी आणि पुठ्ठे जास्त होते, त्यामुळे सकाळी वॉर्डात चांगलाच गारठा असायचा. त्या सकाळी शेंद्र्यांची वनिता भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजत होती. टाके ताजे असताना त्या कुशीवर वळणं सोपं नव्हतं. तिची सासू एकदा म्हणालीही, "अवो, अशी काहून वळून राहिली? इकडं उजेडाकडं घे ना त्याले."  बाळानं कुई केलं की ती त्याला पदराखाली आणखी जवळ घेत होती. ते माझ्यासाठी चाललं होतं हे मला कळत होतं. आम्ही एकमेकींशी मोजून चार वाक्यं बोललो असू.

नव्या सिस्टरचं नाव यशोधरा रामटेके. ट्रेनिंग संपवून येऊन तिला पुरता महिनाही झाला नव्हता. कपडे कडक इस्त्रीचे, वेणी घट्ट, आणि चालणं अर्धं धावणं. त्या सकाळी वॉर्डात ती एकटीच होती. मोठ्या सिस्टर, हटवारबाई, बाळंतपणाच्या खोलीत अडकल्या होत्या आणि डॉक्टर बाहेर पेशंट तपासत बसले होते. रक्त लावण्याआधी दोघांनी मिळून पिशवी आणि पेशंट ताडून बघायचा असतो, नाव, आडनाव, नंबर, रक्तगट, सगळं. हे मला नंतर कळलं. डॉक्टरांनी टेबलावरूनच सही करून दिली होती आणि वर विचारलं होतं, "अजून लावलं नाही?"

तिनं सुई लावली, थेंब बघितले आणि दुसऱ्या पलंगाकडे गेली.

थोड्या वेळानं शेजारून आवाज आला, "सिस्टर, मले थंडी वाजून राहिली."

"आज गारठाच आहे," यशोधरा म्हणाली आणि तिनं एक जादा चादर आणून पांघरली.

"कंबर फुटून राहिली जी माही."

"सिझरनंतर दुखते थोडी."

पण ती परत जाता जाता थांबली. वनिताचे दात वाजत होते. पलंग हलत होता. चेहरा राखेसारखा झाला होता आणि ती छाती वर उचलून श्वास घेत होती. यशोधरानं तिच्याकडे बघितलं, मग वर टांगलेल्या पिशवीकडे. पिशवी हातानं आपल्याकडे फिरवली. चिठ्ठी वाचताना तिचे ओठ हलले. मग तिनं नळीवरची चक्री बंद केली, सुई सोडवली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "डॉक्टरांना बोलवा." कुणाला म्हणाली कुणास ठाऊक, कारण तिथं दवाखान्याचं दुसरं कुणी नव्हतं. मग ती स्वतःच धावली.

हटवारबाई आल्या, डॉक्टर आले. सलाईन, इंजेक्शनं, ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत आणल्याचा आवाज. त्या गडबडीत हटवारबाईंनी पिशवी उचलली.

"कुणाची ही?"

यशोधरानं बोट केलं. ते माझ्याकडे होतं.

मला तेव्हा कळलं.

दुपारच्या आत शेंद्र्यांच्या वनिताला जीपमध्ये घालून नागपूरला पाठवलं. तिच्या लघवीच्या पिशवीत चहाच्या पाण्यासारखं काळपट लाल उतरलं होतं. डॉक्टर तिच्या सासूला म्हणाले, "रिअ‍ॅक्शन आली. रक्ताची कधीकधी येते." नवरा जीपमध्ये बसला. सासू बाळाला छातीशी धरून व्हरांड्यात उभी राहिली, आणि जीप फाटकाबाहेर गेल्यावर ते बाळ जे रडायला लागलं ते थांबेचना. माझं पोलकं पुढून भिजलं. दूध उतरलं होतं. मी भिंतीकडे तोंड केलं.

माझी माय सकाळी डबा आणायला घरी गेली होती. ती परत आली तेव्हा वॉर्डातल्या बायकांनी तिला सगळं सांगून टाकलं. ती माझ्या उशाशी बसली आणि माझं डोकं असं धरून ठेवलं, की जणू कुणी ते न्यायला आलं होतं.

जिल्ह्याच्या गावाहून माझ्यासाठी दुसरी पिशवी यायला दुपार कलली. तोवर मला डोळे उघडले की छत फिरताना दिसायचं. हटवारबाई पिशवी घेऊन आल्या. मागून यशोधरा. तिचे डोळे सुजलेले होते, पण वेणी तशीच घट्ट होती.

माय उठून उभी राहिली. "हे पोरगी माह्या लेकीले हात लावणार नाही."

"बाई, दुसरी कुणी नाही," हटवारबाई म्हणाल्या. "माझी तिकडं एक अडलेली बाई आहे. मी फक्त पिशवीवरचं वाचून ताडायला आले आहे. सुई ही लावेल."

"तुम्हीच लावा ना मंग."

"सिस्टर," यशोधरा मागून म्हणाली, "मी नाही लावणार. माझ्यानं होणार नाही."

हटवारबाई तिच्याकडे वळल्या. त्या जाड्या, धिप्पाड बाई होत्या आणि त्यांचा आवाज बायकांना कळा विसरायला लावायचा. पण तेव्हा त्या हळू बोलल्या. "रामटेके, आज लावली नाहीस तर पुढं कधीच लावणार नाहीस. हे मी दोघींच्या बाबतीत बघितलं आहे. एक शिवणकाम करते आता. दुसरीचं काय झालं ते मी सांगत नाही."

"मी घरी जाते. मला जाऊ द्या."

"जा. ही ड्यूटी संपल्यावर जा. ह्या बाईच्या अंगात रक्त नाही. ती तुझ्या रडण्यासाठी थांबायची नाही."

यशोधरा जागची हलली नाही. माय माझ्या आणि त्या दोघींच्या मध्ये उभी होती. वॉर्डातल्या बायका उठून बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "नोको लावू देऊ वो, जिवाशी खेळ हाये."

मी रजईतून हात बाहेर काढला आणि पुढे केला.

"वने," माय म्हणाली, "येडी झाली का तू?"

"लावू दे, माय."

"अवो, तिनं आताच्या आता..."

"लावू दे म्हणतो ना. सरक."

माय सरकली नाही, पण मी हात तसाच ठेवला.  यशोधरानं त्या हाताकडे बघितलं. बघतच राहिली. मग ती मायच्या बाजूनं वळसा घालून आली आणि तिनं माझं मनगट खालून धरलं.

"तुमचं पूर्ण नाव सांगा."

"वनिता."

"पूर्ण."

"वनिता ईश्वर शेंडे," माय फणकाऱ्यानं म्हणाली.

"त्यांनी सांगू द्या, आई."

मी सांगितलं. गाव विचारलं, तेही सांगितलं. हटवारबाई पिशवीवरचं एकेक अक्षर मोठ्यानं वाचत होत्या आणि ती माझ्या कागदावरचं वाचत होती, शाळेतल्या पोरींसारखं, एक म्हणायची आणि दुसरी म्हणायची. मग सुई. पहिल्यांदा शीर चुकली. माय पुटपुटली. दुसऱ्यांदा लागली.

हटवारबाई निघून गेल्या. यशोधरानं स्टूल ओढलं आणि माझ्याजवळ बसली. बोटं माझ्या नाडीवर.

"थंडी वाजते का?"

"नाही."

जरा वेळानं, "कंबर?"

"नाही."

"छातीत दडपल्यासारखं?"

"नाही."

मी छताकडे बघत पडून राहिले. थेंब पडत राहिले. काही झालं नाही. पिशवी संपली, तिनं ती उतरवली आणि व्हरांड्यात जाऊन ओकली. तो आवाज आत आला. मग तोंड धुऊन आली आणि पुढच्या पलंगावरच्या बाईला विचारू लागली, "तुमचं पूर्ण नाव सांगा."

त्यानंतर ती रोज तेच करायची. गोळी द्यायची असली तरी नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव. नवऱ्याचं नाव घेताना बायका लाजायच्या, मग वैतागायच्या. "कालच तं सांगतलं बाई." ती म्हणायची, "आज पुन्हा सांगा." एका म्हातारीनं उखाणाच घेतला आणि सगळा वॉर्ड हसला. ती हसली नाही. जेवताना मी तिला कधी बघितलं नाही. गणवेश सैल होत चालला होता आणि तिनं कंबरेशी एक पिन लावली होती.

मला ताप येऊ लागला म्हणून माझा मुक्काम लांबला. शेंद्र्यांची वनिता नागपुरात वारली ती बातमी मी अजून तिथंच असताना आली. तिची मूत्रपिंडं बंद पडली होती. यंत्रावर ठेवलं होतं, पण उपयोग झाला नाही.

सगळे विधी उरकल्यावर तिचा नवरा आणि सासू दवाखान्यात आले. बाळ सासूच्या कडेवर झोपलेलं. नवरा हडकुळा, डोकं भादरलेलं. तो डॉक्टरांना एवढंच विचारायला आला होता की हे झालं कशानं. मी व्हरांड्यातल्या बाकावर उन्हाला बसले होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं. डॉक्टर म्हणाले की बाळंतपणातच शरीर खचलं होतं, मूत्रपिंडं आधीपासून कमजोर असावीत, एखाद्याची तब्येतच तशी असते. तो मान हलवत होता. "हो जी. हो साहेब."

डॉक्टर आत गेले. ती दोघं पायऱ्या उतरू लागली.

यशोधरा वॉर्डाच्या दारातून बाहेर आली. मला वाटतं ती दाराआड उभी होती. पायऱ्यांपाशी जाऊन तिनं हाक मारली, "भाऊ."

तो वळला.

"तुमच्या मिसेसना दुसऱ्या बाईचं रक्त लागलं. मी लावलं. नाव सारखं होतं. मी आडनाव विचारलं नाही. त्यामुळे त्या गेल्या."

ती हे पाठ केल्यासारखं बोलली. पाठच केलं असणार. तो तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा हात उचलणार. तिलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं डोळे मिटून घेतले होते.

तो पायरीवर खाली बसला. मग म्हणाला, "तिनं सांगतलं नाही का, मी शेंद्रे म्हणून?"

"मी विचारलंच नाही, भाऊ."

"आतापावतो मी देवाले शिव्या देऊन राहिलो होतो," तो म्हणाला. "तो दिसत नाही म्हणून बरं होतं. आता तू मले दिसून राहिली. मी काय करू आता? सांग ना. तुले मारू का?"

  सासूनं बाळाच्या तोंडावर पदर ओढला, जसं नजर लागू नये म्हणून ओढतात, आणि फाटकाकडे चालू लागली. तो तिच्यामागून गेला. यशोधरा तिथंच उभी राहिली. सांगितल्यानं तिचं मन हलकं झालं असेल असं कुणाला वाटत असेल तर त्यानं तेव्हाचा तिचा चेहरा बघायला हवा होता.

पुढे चौकशी झाली. जिल्ह्याहून एक डॉक्टर आले आणि मला विचारून गेले. मी ऐकलं तेवढं सांगितलं. सिस्टर 'वनिता' म्हणाली, शेजारून 'हो जी' आलं. यशोधराला घरी बसवलं. डॉक्टरांची बदली झाली, आणि लोक म्हणत होते की चांगल्या गावी झाली. मी बरी होऊन घरी आले.

मग बरीच वर्षं गेली. मला दोन मुलं झाली. रक्ताची पिशवी बघितली की अजूनही मी तोंड फिरवते, पण का ते कधी कुणाला सांगितलं नाही.

परवाच्या उन्हाळ्यात माझ्या जाऊबाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं म्हणून मी त्यांच्याबरोबर जिल्ह्याच्या दवाखान्यात राहिले होते. सकाळी इन्चार्ज सिस्टर राउंडला आल्या. पिकलेले केस, चष्मा, मागे ट्रेनिंगच्या चार मुली. जाऊबाईंपाशी थांबून म्हणाल्या, "पूर्ण नाव सांगा. नवऱ्याचं नाव. गाव."

जाऊबाईंनी नाव सांगितलं. 'शेंडे' ऐकल्यावर त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी यशोधराला ओळखलं होतंच.

"वनिताबाई," त्या म्हणाल्या. आणि मग सवयीनं, "वनिता ईश्वर शेंडे."

दुपारी त्यांनी मला सिस्टरांच्या खोलीत नेलं, चहा मागवला. दार लोटून घेतलं.  त्याच आधी बोलल्या. नोकरी परत मिळाली, पण जंगलातल्या आरोग्य केंद्रावर. तिथं बरीच वर्षं काढली. लग्न केलं नाही. त्या शेंद्र्यांच्या गावाला दोनदा गेल्या. पहिल्यांदा घरात घेतलं नाही. दुसऱ्यांदा घर बंद होतं, माणसं कामाच्या शोधात परराज्यात गेली होती. मुलाचं काय झालं ते कळलं नाही.

"ते असंच राहणार," त्या म्हणाल्या. "ते उतरत नाही. मी आता उतरायची वाटही बघत नाही."

मी कप हातात धरून बसले.

"पण वनिताबाई, एक तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं. त्या दिवशी मी घरी जाणार होते. आणि घरी म्हणजे घरी नाही. आमच्या घरामागं विहीर होती. सकाळपासून माझ्या डोक्यात तेवढंच होतं. हटवारबाई बोलल्या ते मला नीट ऐकूसुद्धा आलं नाही. मग तुम्ही हात पुढे केलात. जिचं रक्त मी दुसरीला लावलं तीच बाई. तुमची आई नको म्हणत होती, सगळा वॉर्ड नको म्हणत होता, आणि तुम्ही हात पुढे केलात. मला वाटलं, ही बाई माझ्यावर अजून विश्वास ठेवते. मग मला नीट करावंच लागेल." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी प्रत्येक बॅचच्या मुलींना हे सांगते. तुमचं नाव घेऊन सांगते. रागवू नका."

बोलायची पाळी माझी होती, आणि मी बोलले नाही.

काय बोलणार होते? माझी मुलगी पहाटे गेली होती. मला तिचं तोंडसुद्धा दाखवलं नव्हतं. शेजारी दुसऱ्या बाईचं बाळ रडत होतं आणि माझं पोलकं भिजत होतं. ह्या सिस्टरनं लावलेल्या रक्तानं माणूस कसं थरथरतं, कसं राखेसारखं होतं, हे मी सकाळी डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणूनच तर हात पुढे केला होता. मायला सरक म्हटलं ते त्यासाठीच. ती थंडी वाजते का म्हणून विचारत होती तेव्हा मी त्याच थंडीची वाट बघत पडले होते. हटवारबाई अक्षर अक्षर वाचायला लागल्या तेव्हा मला त्यांचा रागसुद्धा आला होता.

दारावर टकटक झाली. ट्रेनिंगमधली एक मुलगी आत आली. रडून नाक लाल झालेलं, ओढणीचं टोक मुठीत. सकाळी तिनं एका म्हाताऱ्याला शेजारच्याच्या गोळ्या दिल्या होत्या. वेळेवर लक्षात आलं, म्हाताऱ्याला काही झालं नव्हतं. पण ती सामान बांधून आली होती. "मॅडम, मी गावाला जाते. मला नाही जमणार हे."

"आधी बस," यशोधरा म्हणाली. खुर्ची पुढे ढकलली. मग माझ्याकडे बोट केलं. "ह्या कोण आहेत माहीत आहे? ह्या वनिताबाई शेंडे."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. तिचं रडणं एकदम थांबलं. ती गोष्ट तिनं ऐकली होती हे दिसत होतं. कितीतरी वेळ ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती आणि मग माझ्या हाताकडे.

"काकू," तिनं विचारलं, "तुम्हाला तेव्हा भीती नाही वाटली?"

यशोधरा माझ्याकडे बघत होती. तिनंही मला हे कधी विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "जरासुद्धा नाही."

आणि ते खरंच होतं.